धोंड्याची गाठ

डॉक्टरांनी आणलेला टाइप केलेला कागद सगळ्यात आधी कुसुमने वाचला. त्या घरात धड वाचता येणारं दुसरं होतंच कोण? सासू कोंडाबाई नोट रंगावरून ओळखायची. थोरली जाऊ सरजाबाई अंगठेबहाद्दर, तिचा नवराही तसाच. नवरा भुजंग चौथीपर्यंत शिकलेला, पण अक्षर दिसलं की त्याला जांभई यायची. म्हणून लिंबगव्हाणात कागद आला की तो मानवतच्या सातवी पास सुनेच्या हातात यायचा आणि बाकीचे ओसरीवर तिच्या तोंडाकडं बघत बसायचे.

कुसुमने मोठ्यानं वाचलं, "लिंबगव्हाण गावातील नारूचा शोध. संशोधक, सौभाग्यवती सरजाबाई सिताराम." त्याखाली डॉक्टरांचं नाव. पुढं तक्ता. तक्त्यात पहिल्या ओळीत एक नवी सून, दुसऱ्या ओळीत, "रुग्ण क्रमांक दोन, स्त्री, वय वीस, माहेर मानवत."

ही क्रमांक दोन म्हणजे कुसुम.

तिनं कागद वरून खाली दोनदा पाहिला. तक्त्यातला आकडान् आकडा तिच्या वहीतून उचललेला. दीड वर्ष पोरीला मांडीवर थोपटत, एका हातानं वही धरून तिनं ते रकाने भरले होते. लिहिणारीचं नाव कागदावर कुठंच नव्हतं. तिचा पाय होता, वय होतं, माहेर होतं. नाव तेवढं नव्हतं.

"माझं नाव कुठं हाय, दाव की," सरजाबाई लंगडत जवळ आली. कुसुमने बोट ठेवलं. सरजाबाईनं तिथं हात लावला, मग पदराला पुसला, जणू शाई ओली असावी. भुजंग म्हणाला, वैनी, आता तुमाला डॉक्टरीणबाई म्हणावं लागंल. सगळे हसले. कुसुम भाकरी थापायला आत गेली आणि त्या दिवशीच्या भाकरी शेजारच्या घरात ऐकू गेल्या.

गोष्ट सुरू झाली होती ती कुसुमच्याच पायापासून. चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात ती लग्न होऊन या गावात आली. मानवतला दारात नळ. इथं गावाच्या खालच्या अंगाला दगडी बारव, बत्तीस पायऱ्यांची. बायका घागर घेऊन थेट पाण्यात उतरायच्या, पोटऱ्या बुडेपर्यंत. उन्हाळ्यात पाणी खाली जायचं आणि हिरवट व्हायचं. तेच प्यायचं. वर्षाच्या आत, पुसाच्या थंडीत, तिला मुलगी झाली, भागू. पोर दोन महिन्यांची होते न होते तोच कुसुमच्या घोट्यावर फोड आला, फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं तोंड बाहेर आलं.

नारू, अंगात वाढणारा जंत. गावात कुणाला त्याचं नवल नव्हतं. रोज बोटभर ओढायचा, काडीला गुंडाळायचा, तुटला तर पाय डेऱ्याएवढा सुजायचा. कुसुमचा तुटला. दीड महिना ती खाटेवर पडून होती. त्या दीड महिन्यात भागूला न्हाऊ घालणं, शेक देणं, दुपट्यात गुंडाळून दोन्ही नडग्यांवर निजवणं, सगळं सरजाबाईनं केलं. दूध प्यायला तेवढी पोर कुसुमकडं यायची. प्याली की मान वळवायची. झोप तिला सरजाबाईच्याच पायांवर लागायची.

सरजाबाईला मूल नव्हतं. नारू मात्र सात झाले होते. सातव्यानं गुडघ्याची शीर आखडली, तेव्हापासून एक पाय टाचेवर टेकतच नसे. कुसुमला हे दिसत होतं, समजत होतं. खाटेवरून ती स्वतःला बजावायची, बाई गं, तुझं पोर सांभाळायलीय ती, पाय धर तिचे. आणि पुढच्याच क्षणी भागू सरजाबाईकडं पाहून बोळकं पसरून हसली, की कुसुमच्या छातीत दूध आणि आग एकदमच भरून यायची.

त्याच दिवसांत डॉक्टर आले. पुण्याकडचे, चष्मेवाले, खांद्याला शबनम. एसटीनं सोनपेठला उतरायचे आणि पुढं मिळेल त्या बैलगाडीनं यायचे. सरकारनं नारू घालवायचं मनावर घेतलं होतं. हे डॉक्टर छापील प्रश्नांचा गठ्ठा घेऊन घरोघर फिरत होते. पाणी कुठलं पिता, किती पिता, गाळता का. कोंडाबाईनं सगळ्याला हो म्हटलं. सरजाबाई चुलीपुढून म्हणाली, "दादा, तुमचे सवालच चुकलेत."

कोंडाबाईनं डोळे वटारले. डॉक्टरांनी मात्र गठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, मग कसं विचारू?

"तुमी इचारता कुठलं पाणी पेता. समदं गाव बारवेचंच पेतंय. त्यानं काय कळंल? इचारा, पयल्यांदा कवा पेलं. आमाला ते ठाव न्हाई, आमी जलमापासून पेतो. पर सुनांना ठाव हाय. ही आमची कुसुम बघा. मानवतची. तिकडं नारू न्हाई. हितं आली, बारवेचं पेली, आन् वर्सानं पायातून निघाला. सून नांदायला आलेला दीस धरा, आन् नारू निघालेला दीस धरा. मदी किती म्हैने, ते मोजा."

डॉक्टरांनी गठ्ठा शबनममध्ये परत घातला. मग म्हणाले, आजवर आम्ही रोग्याला फक्त तपासत आलो. ज्याच्या पायातून नारू निघाला, त्यालाच शोध घेऊ द्यायचा हे आम्हाला सुचलं नाही. ताई, हे काम तुम्ही करा. मी तुमचा मदतनीस.

खाटेवरून कुसुमने हे सगळं ऐकलं. तिचा घोटा ठणकत होता. तिच्या मनात आलं, पाय माझा, ठणका माझा आणि डोकं मात्र हिचं निघालं.

सरजाबाईचं काम तिच्या पद्धतीनं सुरू झालं. गावात नांदायला येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेची एक सुती दोरी. सून पहिली घागर घेऊन बारवेत उतरली, की त्या दिवशी दोरी खुंटीला लागायची. मग दर अमावस्येला एक गाठ. नारू निघाला की दोरी बंद. कुणाला वर्ष-दीड वर्षात निघालाच नाही तर ती दोरी वेगळ्या खुंटीला. पंच्याऐंशीच्या अक्षय्य तृतीयेच्या आसपास गावात सहा सुना आल्या, सहा दोऱ्या लागल्या. त्याआधीच्या वर्षाच्या तीन सुनांच्या दोऱ्या तिनं आठवून आठवून बांधल्या. त्यातली एक कुसुमची. गाठी बारा.

नुसत्या दोऱ्या बांधून ती थांबली नाही. एके दिवशी ती बौद्धवाड्यात गेली. तिथल्या बायकांना बारवेत उतरू देत नसत. त्यांचा आड वेगळा, उभा, पोहऱ्यानं शेंदायचा. सरजाबाई तिथं दुपारभर बसली, चहा पिऊन आली, आणि येऊन सांगितलं की त्या वाड्यात एकालाही नारू नाही. ज्यांना आमी पाण्याला शिवू दिलं न्हाई त्यांचं पाणी चांगलं, आन् आमी आमच्याच पायानं आमचं पाणी नासवलं, असं ती डॉक्टरांना म्हणाली. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव माणसं एकमेकांकडं तिरकं बघत होती, ते हे दिवस. कोंडाबाईनं दारातच पाण्याची बादली ठेवली, आंघोळ करून आत ये म्हणाली. सरजाबाईनं बादली उचलली, त्यातलं पाणी गोठ्यात म्हशीला पाजलं आणि तशीच आत आली.

हे आपल्याच्यानं झालं नसतं, हे कुसुमला ठाऊक होतं. सरजाबाई वाईट असती तर कुसुमला बरं वाटलं असतं. वाईट माणसाचा राग राग करून माणूस मोकळा तरी होतो.

आणि मग बायका सरजाबाईकडं यायला लागल्या. आधी कुसुमकडं यायच्या, पत्र वाचून घ्यायला, माहेरी चार ओळी धाडायला. आता उंबऱ्यात आल्या की विचारत, थोरली हाय का घरात? माझी सून नांदायला आली, दोरी लावायचीय. भागू रांगायला लागली ती सरजाबाईच्या लंगड्या पावलामागं. पोर पहिल्यांदा "माय" म्हणाली तेव्हा दोघी जणी समोर होत्या. कुसुमने पुढं हात केले. पोरीनं सरजाबाईचा पदर धरला. सरजाबाईनं लगेच तिला उचलून कुसुमच्या मांडीवर दिली, अगं ही तुझी माय, म्हणाली. ते तिनं दिलं, हेच कुसुमला लागलं.

पंच्याऐंशीत श्रावण अधिक होता. धोंड्याचा महिना. घरोघरी जावयांना बोलावणं, पुरणाचे धोंडे, तुपाची धार. त्या महिन्याच्या अमावस्येला सरजाबाई दोऱ्या घेऊन बसली तेव्हा कोंडाबाई म्हणाली, धोंड्यात नवं काय बांधू न्हाई, धोंड्याचा म्हैना म्हैन्यात धरत न्हाईत. सरजाबाईनं दोऱ्या परत खुंटीला लावल्या. बौद्धवाड्याच्या वेळी न ऐकणारी सरजाबाई या वेळी ऐकली, कारण या बाबतीत तिलाही तसंच वाटत होतं. लहानपणापासून तिनं तेच ऐकलेलं. कुसुम तिथंच भागूला भरवत होती. तिच्याही मनात काही आलं नाही. तिनं पण तेच ऐकलेलं.

पुढच्या वर्षी चैत्र-वैशाखात त्या सहा सुनांपैकी चौघींना नारू निघाला. सरजाबाईनं दोऱ्या बंद केल्या. चारींवर अकरा अकरा गाठी. डॉक्टरांनी त्या हातात घेऊन मोजल्या, मान हलवली, पुन्हा मोजल्या. म्हणाले, गेल्या वर्षी बारा, यंदा अकरा, यात काहीतरी आहे. वही नीट लिहून ठेवा.

त्या चौघींचे रकाने कुसुमने वहीत भरायला घेतले वटपौर्णिमेच्या दिवशी. सगळ्या बायका वडाला गेल्या होत्या. कुसुम बाजूला बसलेली, तिला जाता येत नव्हतं. भागूलाही सरजाबाई कडेवर घेऊन गेली होती. घर कधी नव्हे ते निवांत. तिनं चार दोऱ्या पुढं घेतल्या, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. यंदाच्या खाली गेल्या वर्षीचंही तसंच लटकत होतं. सुना आल्याचे दिवस तिला आठवत होते, कारण प्रत्येकीच्या लग्नाच्या जेवणाला ती गेली होती. एकेका अमावस्येवर बोट ठेवत ती पुढं सरकली. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. मग अधिक श्रावण. आणि पुन्हा श्रावण.

तिचं बोट थांबलं. दोरीत गाठ कमी होती. चारही दोऱ्यांत. धोंड्याची गाठ राहिली होती. अकरा नव्हतेच, याही वर्षी बाराच होते.

ती उठली. सांगायलाच उठली, यात खोटं नाही. दारापर्यंत गेली. तेवढ्यात बायका गलका करत परतल्या. मध्ये सरजाबाई, कडेवर भागू, पोरीच्या कपाळाला कुंकवाचा मळवट, हातात आंब्याची कोय. सरजाबाई सांगत होती की डॉक्टरांनी निरोप धाडलाय, परभणीला मोठी सभा होणार, दिल्लीचे डॉक्टर येणार आणि त्यांच्यापुढं तिनं स्वतः बोलायचं. बायका तिच्या दंडाला धरून चिडवत होत्या, आमाला वळख ठिव गं बाई. भागू कुसुमला पाहून हसली नाही. कोय चोखत राहिली.

कुसुमने मागं फिरून वही मिटली. उद्या सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तो उद्या आषाढात आला नाही, दिवाळीतही आला नाही. दळताना, गवऱ्या लावताना तिच्या डोळ्यांपुढं ती सभा उभी राहायची. सरजाबाई ऐटीत उभी आहे. दिल्लीचा डॉक्टर विचारतोय, बाई, एक महिना कुठं गेला? आणि सगळी सभा हसतेय. असं मनात आलं, की पोटातल्या आगीवर जरासं गार पाणी पडल्यासारखं व्हायचं. मग ती भागूला उचलून छातीशी घट्ट धरायची. पोर रडायची.

दिवाळीनंतर गोष्ट वाढली. डॉक्टर तो टाइप केलेला कागद घेऊन आले, आणि सोबत बेतही. बारवेत टाकायचं औषध आलं होतं, पण मोजकं, चार महिने पुरेल एवढं. कुठले चार, ते सरजाबाईच्या दोऱ्या सांगत होत्या. गावात पहिले नारू फाल्गुनात निघतात. तिथून अकरा महिने मागं मोजलं की पाणी बाधायला लागतं ते चैत्रात. म्हणून औषध चैत्रापासून टाकायचं ठरलं.

बारा मोजले असते तर फाल्गुनातच टाकावं लागणार होतं. फाल्गुन औषधाविना उघडा पडत होता. या गावात नव्या सुना फाल्गुनापासूनच पाण्याला उतरायला लागतात, हे फाल्गुनात आलेल्या सुनेइतकं कोणाला कळणार?

कुसुमला वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस काय करायलीस? तिनं जुन्या लुगड्याचं कापड दुपदरी केलं, भागूचं पाणी वेगळ्या तांब्यात गाळायला लागली. आपल्या पोरीपुरतं. शेजारच्या घरी मार्गशीर्षात लग्न होतं, सोनपेठकडची पोर नांदायला येणार होती. कुसुम त्या घराकडं बघायचं टाळू लागली.

सभा मार्गशीर्षात भरली. दोघी जावा एसटीनं परभणीला गेल्या, सोबत भागू, कारण ती दोघींपैकी एकीला सोडून राहत नव्हती. वही वाचायला कुसुम हवीच होती. मोठं दालन, वर पंखे, खुर्च्यांच्या रांगा, बहुतेक सगळे पुरुष. सरजाबाईनं दोऱ्या बांगड्यांसारख्या मनगटात घातल्या होत्या. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती व्यासपीठावर लंगडत गेली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली. पाय, पाणी, सुना, आड. सुरुवातीला मागच्या रांगेत खसखस पिकली. मग हसणं थांबलं. कुसुम वहीतून आकडे वाचत गेली. दिल्लीचे डॉक्टर कधी अडवतात याची ती वाट बघत होती.

दिल्लीचे मोठे डॉक्टर वयस्कर होते, पांढऱ्या भुवयांचे. ते उठले आणि हिंदीत बोलू लागले. कुसुमच्या मनात आलं, आता विचारतील.

पण ते विचारत नव्हते. ते खूश झाले होते. म्हणाले, आमच्या पुस्तकात नारूला वर्ष लागतं असं लिहिलंय आणि ही बाई दोऱ्या घेऊन सांगतेय की इथं अकरा महिन्यांत निघतो. दुष्काळी साल होतं, पाणी आटलेलं, त्याचा हा परिणाम असणार. ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. रोगीच संशोधक झाला की काय होतं ते बघा. हिला दिल्लीला आणा. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, तशी सगळी सभा टाळ्या वाजवू लागली. आपले डॉक्टर चष्मा पुसत होते. सरजाबाई गोंधळून हसत होती, आणि कुसुमच्या मांडीवरची भागू दोन्ही हात आपटत थोरलीकडं झेपावत होती.

ज्या चुकीवर ही पडावी म्हणून आपण सहा महिने गप्प बसलो, तीच हिला खांद्यावर घेऊन दिल्लीला निघाली. कुसुमला ते सोसलं नाही. पुढं कुणी तिला विचारलं असतं तर तिनं कदाचित सांगितलं असतं, की शेजारच्या घरची पोर डोळ्यांपुढं आली, म्हणून बोलले. पण त्या क्षणी डोळ्यांपुढं फक्त सरजाबाई होती.

"अकरा न्हाई," ती म्हणाली. टाळ्यांत ऐकू गेलं नाही. ती उभी राहिली. "अकरा न्हाईत ते. बारा हायत. दोरी चुकलीय."

टाळ्या विरत विरत थांबल्या. कुसुमने सांगून टाकलं, पंच्याऐंशीत श्रावण अधिक होता, धोंड्यात गाठ बांधली नाही, चारही दोऱ्यांत एक एक कमी आहे. सांगताना ती सरजाबाईकडं बघत होती. तिला तो चेहरा उतरताना बघायचा होता.

मागून कुणीतरी म्हणालं, बायकांचं गणित. हशा पिकला. अगदी तिनं मनात पाहिला होता तसाच. मोठ्या डॉक्टरांनी हात खाली घेतले.

सरजाबाई हसली नाही, रडली नाही. तिनं मनगटातल्या दोऱ्या काढल्या, कपाळाला आठ्या घालून बोटांवर महिने मोजले. एकदा. दुसऱ्यांदा. मग तिचा चेहरा उजळला. दिवसभर हरवलेली शेळी काट्यात सापडावी, तसा.

"खरंय," ती म्हणाली. "धोंड्याची गाठ न्हाई बांधली मी. म्हैन्यात धरत न्हाईत म्हनून. पर नारवाला कुठं ठाव धोंडा? त्यो त्याचे दीस मोजतोय." आणि एवढी माणसं समोर बसलेली असताना ती तिथंच व्यासपीठावर खाली बसली, आखडलेला पाय लांब केला आणि चारही दोऱ्यांना एक एक गाठ घातली. कुणी घाई केली नाही. गाठी घालून झाल्यावर ती आपल्या डॉक्टरांना म्हणाली, "दादा, औषध चैत्रात नगं. फाल्गुनात टाका. हसायचं ते मागून हसू."

हशा बंद झाला. मोठ्या डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं. बराच वेळ ते लिहीत राहिले. दिल्लीचं पुन्हा कुणी काढलं नाही. बाहेर पडताना आपले डॉक्टर कुसुमला म्हणाले की तुम्ही फार मोलाचं पकडलंत, नाहीतर फाल्गुन हातचा गेला असता. दीड वर्ष ती या वाक्याची वाट बघत होती. आता ते आलं, तर तिनं मान न उचलता वही पिशवीत सारली.

एसटी स्टँडवर सोनपेठच्या गाडीला तासभर होता. दोघी बाकड्यावर बसल्या. भागू सरजाबाईच्या मांडीवर झोपी गेली. सरजाबाईनं शेंगदाण्याची पुडी सोडली, निम्मे कुसुमच्या ओंजळीत घातले. मग सहज विचारावं तसं विचारलं.

"तुला कवा दिसलं गं?"

कुसुमने शेंगदाणे धरून ठेवले. आत्ताच, वाचता वाचता, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. सरजाबाईनं मानलं असतं.

"मला सांगू नगं," सरजाबाई म्हणाली. "वहीत लिही. चूक कवा झाली ते लिवायचं, तशी कवा दिसली ते बी. डॉक्टर म्हनत्यात न्हवं, दिसलं त्या दिसाचं त्या दिशी लिवावं."

वही पिशवीत होती. कुसुमने ती गुडघ्यावर उघडली. मनात आलं, हिला वाचता येत नाही. मी आजची तारीख घातली तरी हिला कळणार नाही, भुजंगला कळणार नाही, डॉक्टरांना तर आजच कळलंय. तिनं पेन टेकवलं. समोर एक गाडी धूर सोडून गेली. तिनं लिहिलं, २१ जून १९८६.

"वाच."

"वटपौर्णिमा," कुसुम म्हणाली.

सरजाबाईची बोटं भागूच्या पाठीवर महिने मोजत गेली. सहाव्यावर थांबली. तिनं भागूच्या अंगावर पदर ओढला. कुसुमला वाटलं, आता ही उठेल, पोर माझ्या मांडीवर टाकून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसेल. घरी जाऊन सासूला सांगेल. सांगावंच तिनं.

"फाल्गुनाला अजून तीन म्हैने हायत," सरजाबाई शेवटी म्हणाली. "शेजारच्या पोरीचं निभावलं." मग जरा वेळानं म्हणाली, "का गप बसलीस ते बी लिही."

"त्याला रकाना न्हाई वहीत."

"आख मंग."

कुसुमने रेघ ओढली. रेघ वाकडी आली. त्या रिकाम्या रकान्याकडं ती बघत राहिली. विसरले, असं लिहिता आलं असतं. भीती वाटली, असंही. तिनं लिहिलं, "जाऊबाईचं नाव झालं, माझा जीव जळत होता." लिहिलं आणि वाचून दाखवलं, हळू, शेजारच्या बाकड्यावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये असं.

सरजाबाई रस्त्याकडं बघत ऐकत होती. तिचे डोळे भरलेले होते की धुरानं तसे दिसत होते, ते कुसुमला कळलं नाही. तिनं झोपलेल्या पोरीला कुसुमकडं दिलं नाही, आणि उठून दुसरीकडंही गेली नाही.

"खाली नाव लिही," ती म्हणाली. "पुरं. नंबर नगं. न्हाईतर वाचणाऱ्याला वाटंल, मीच लिवलं."

कुसुमने नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. वहीत पहिल्यांदाच. शाई वाळेपर्यंत तिनं त्यावर फुंकर घातली.

सोनपेठची गाडी लागली आणि माणसं दाराशी तुटून पडली. सरजाबाई लंगड्या पायानं, भागूला उराशी धरून, कोपर मारत त्यात घुसली. दोन जणींपुरती जागा धरून तिनं खिडकीतून हात हलवला. कुसुम वही पोटाशी धरून मागून चढली. शेजारी बसताना तिच्या मनात एवढंच आलं, की कारणाचा रकाना आखायचं हेसुद्धा हिलाच सुचलं, आपल्याला सुचायला हवं होतं.